सगळं लागत नाही

वर्ल टोलेफसनच्या दुकानाला घंटा नाही.
दार ढकललं की कुत्रं एक डोळा उघडतं, तेवढंच.
बाहेर मोन्टानाचा नोव्हेंबर, उणे अकरा,
गव्हाची कोठारं सोडली तर रस्त्याला उभं काही नाही.

कॉफीचा डबा मी काउंटरवर ठेवला.
आत वडिलांनी सतरा हिवाळे जमवलेल्या पुंगळ्या,
"कधीतरी परत भरू" म्हणत जमवलेल्या.
कधीतरी हा त्यांच्या आठवड्यातला आठवा वार.

वर्लनं डबा कानाशी हलवून पाहिला,
कलिंगड घेताना ऐकतात तसा.
"काय हवंय?"
"सगळं. नवशिक्याला लागतं ते सगळं."
"सगळं लागत नाही," तो म्हणाला.
असल्या माणसाचं दुकान चालतं कसं, देव जाणे.

फळीवर एक निळं यंत्र होतं, पाच घरांचं.
दांडा ओढला की दर ओढीला एक काडतूस तयार.
माझा हात आपोआप तिकडे गेला.
"तासाला चारशे," वर्ल म्हणाला,
"आणि चुकलीस तर चुकाही तासाला चारशे.
वर्षाला हरणं किती मारतेस, इन्ग्रिड?"
एक.
गेल्या वर्षी तेही नाही.

मग खाली वाकून, कण्हत, त्यानं बाहेर ओढलं
एका वेळी एकच काम जाणणारं ओतीव धूड,
हिरवा रंग कडांवर उडालेला.
यात पुंगळी आधी नुसती आकारात येते,
जुनी टिकली गळते.
मग नवी बसते. मग दारू. मग गोळी.
प्रत्येक पायरीला थांबावं लागतं
आणि थांबलं की दिसतं.

"पैसे वाचवायचेत? चिमट्यात वाचव, डब्यांत वाचव.
तराजूत नको. पुस्तकात तर मुळीच नको.
शेजाऱ्यानं सांगितलेलं माप वापरणं म्हणजे
दुसऱ्याचा चष्मा लावून सुईत दोरा ओवणं.
टेबलावर दारूचा एकच डबा.
टीव्ही बंद.
आणि पोटात दारू असेल त्या रात्री
डब्यातली उघडायची नाही."
मी हसले. तो हसला नाही.

विजेच्या तराजूचे आकडे लाल, चकचकीत.
मी म्हटलं, दांडीचा दाखव.
गुंजेहूनही हलकं एक वजन त्यानं चिमट्यात धरलं,
पारड्यात सोडायला गेला.
काटा वर, खाली, वर.
त्यानं हीटरचा पंखा बंद केला.
मी श्वास धरला.
कुत्र्यानंसुद्धा धरला असावा.
काटा वर, खाली.

मग मला दिसलं,
चिमटा अजून पारड्याला टेकलेला होता
आणि चिमट्यामागे त्याचा हात होता.

"चार वर्षं झाली," तो काट्याकडे बघत म्हणाला,
"आता मी फक्त विकतो."
हात मागे घेतला.
काटा हळूहळू रेघेवर येऊन निजला.

बिलात प्रेस होता, साचे होते, पुस्तक होतं.
तराजू नव्हता.
घरी खोकं उघडलं तर तो आत,
झाकणावर खिळ्यानं कोरलेली त्याची आद्याक्षरं.

त्या रात्री पुंगळ्या मोजल्या, एकशे बारा.
तीन मानेशी चिरलेल्या, त्या बाजूला काढल्या.
प्रेस स्वयंपाकघरातल्या टेबलाला आवळला,
दांडा ओढला,
आणि टेबल उठून माझ्याकडे चालत आलं.

यादीत टेबल नव्हतंच!
आम्ही तासभर वजनांवर बोललो,
आणि ते वजन झेलणार कोण
हे दोघांनाही सुचलं नाही.

फोन केला. पलीकडे बराच वेळ
नुसता कुत्र्याचा श्वास.
मग वर्लचा आवाज:
"उद्या फळी घेऊन येतो. जाड, ओकची.
भिंतीलाच ठोकू.
स्क्रू मात्र तू फिरव."